जुन्या ऑफिसची नेटवर्क केबल: आधी तपासा, मग कोटेशन द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका जुन्या ऑफिसातला आयओ बॉक्स उघडून दाखवला. व्हिडिओत हातांचं काम दिसतं, पण त्यामागची कारणं आणि पैशांचा हिशेब सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण हे काम पाच-सहा हजारांच्या सामानात सुरू करता येतं आणि प्रत्येक गावात आहे. पतसंस्था, सीएचं ऑफिस, दवाखाना, शाळेचं कार्यालय, आडत दुकान, सगळीकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी टाकलेली केबल आहे आणि सगळीकडे एकच तक्रार आहे: "नेट स्लो चालतंय."

पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

अकरा हजारांचा धडा

दुकान टाकून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. बीबीए केलेलं, त्यामुळे कोटेशन सुबक बनवता यायचं. केबलिंग मात्र एका ओळखीच्या मुलाबरोबर फिरून वरवर शिकलो होतो. एका सीए साहेबांचा फोन आला. चौदा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, जुलै महिना, रिटर्न भरायची घाई. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सगळीकडेच रखडत होतं.

मी गेलो, फॉल्स सिलिंगची एक टाइल सरकवून वर डोकावलं, धुळीनं माखलेली केबल बघितली आणि छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, दहा वर्षांची केबल आहे, थकलीय. सगळीच बदलू." त्यांनी विश्वास ठेवला. एकतीस हजारांचं काम. शनिवारी संध्याकाळी सुरू केलं, रविवारी रात्री संपवलं. सोमवारी अकराला फोन: "अरे, होतं तसंच आहे."

परत गेलो. तासभर काही सुचेना. शेवटी तिथला आर्टिकलशिपचा एक मुलगा म्हणाला, "दादा, स्विचवर या एकाच पोर्टचा दिवा केशरी का आहे? बाकी सगळे हिरवे आहेत." तो पोर्ट सर्व्हरचा होता. सर्व्हर आणि स्विच यांच्यामधली तीन फुटांची पॅच कॉर्ड दिसायला नवी होती, म्हणून तेवढीच मी बदलली नव्हती. तिच्यातली तपकिरी जोडी तुटलेली होती. त्यामुळे सर्व्हर एक हजारऐवजी शंभरच्या वेगानं जोडलेला होता आणि चौदाच्या चौदा मशीन त्याच अरुंद बोळातून ये-जा करत होती. १२० रुपयांची कॉर्ड बदलली आणि पाच मिनिटांत ऑफिस पळायला लागलं.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चौदा ठिकाणी भिंतीला भोकं पाडलीस. त्याआधी तपासलं होतंस का रे?"

मी मजुरीचे अकरा हजार परत केले. त्या वेळी ते माझ्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढे होते. साहेबांनी पैसे घेतले, पण पुढं तीन वर्षं त्यांचा फोन आला नाही.

त्यानंतर मी एक नियम केला: तपासल्याशिवाय कोटेशन नाही. आज हा नियमच माझ्या धंद्याचा एक भाग झालाय. कसा, ते बघू.

केबल थकत नाही, टोकं बिघडतात

भिंतीत किंवा पाइपात नीट झोपलेली तांब्याची केबल वर्षानुवर्षं तशीच राहते. तिच्यातून काही वाहून झिजत नाही. बिघाड होतो तो बहुतेक वेळा पुढच्या जागी:

१. टोकाला. आरजे-४५ कनेक्टर सैल होतो, त्याची क्लिप तुटते, आयओ बॉक्समधल्या पट्ट्यांवर धूळ आणि ओल बसते.

२. हलणाऱ्या ठिकाणी. टेबलाखाली पाय लागतो, खुर्चीचं चाक केबलवरून जातं. भिंतीतली केबल एकसंध, जाड तारेची असते. ती सतत वाकली की आतून तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

३. माणसांनी केलेल्या जुगाडात. केबल कमी पडली म्हणून मध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेली असते. एका केबलच्या चार जोड्यांतून दोन कॉम्प्युटर चालवलेले असतात, नाहीतर निळ्या जोडीवर इंटरकॉम टाकलेला असतो.

४. उंदीर आणि पाऊस. फॉल्स सिलिंगमध्ये उंदीर कुरतडतात. गच्चीवरून साधी आतली केबल नेली असेल, तर उन्हानं तिचं आवरण तडकतं आणि पावसाळ्यात पाणी आत शिरतं.

५. शेजार. लाइटच्या वायरला चिकटून किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटवरून लांबवर नेलेली केबल.

म्हणजे दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर "सगळी बदला" हे नसतं, असा माझा अनुभव आहे.

चार जोड्यांचं गणित

एवढं समजलं की निम्मं काम झालं. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टी-५६८-बी हा क्रम वापरतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

१०० एमबीपीएसच्या वेगाला फक्त दोन जोड्या लागतात: पिन १-२ आणि ३-६. १ जीबीपीएसला, म्हणजे गिगाबिटला, चारही जोड्या लागतात. जुनी केबल टाकली तेव्हा ऑफिसात १०० चंच सामान होतं. निळी आणि तपकिरी जोडी तुटली काय किंवा इंटरकॉमला दिली काय, कुणाला कळलंच नाही. आज तिथे गिगाबिट स्विच बसवला, की दोन्ही टोकांची उपकरणं आधी हजाराच्या वेगाला बोलायचं ठरवतात, पण दोन जोड्या गायब असतात. मग बरीच उपकरणं मुकाट्यानं १०० वर उतरतात. काही मात्र जोडतच नाहीत, किंवा लागतात-तुटतात-लागतात.

फरक किती? १ जीबीची फाइल १०० च्या वेगानं जायला साधारण दीड मिनिट लागतं. गिगाबिटवर, डिस्क चांगली असेल तर, दहा सेकंदांच्या आसपास. कस्टमरला एमबीपीएस कळत नाही, ही दोन घड्याळं कळतात. त्याच्यासमोर फाइल कॉपी करून दाखवा.

आणखी दोन आकडे पाठ करा. स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत: भिंतीतली ९० आणि दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्ड मिळून १०. आणि टोकाला पीळ सोडवायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. सुबक दिसावं म्हणून दोन इंच पीळ सोडवणारे कारागीर मी बघितलेत. दिसायला छान, चालायला वाईट.

पिशवीत काय हवं

- आठ दिव्यांचा साधा केबल टेस्टर. दोन-पाचशे रुपयांत मिळतो.
- टोन जनरेटर आणि त्याचा प्रोब. कोणती केबल कुठे निघते ते आवाजावरून कळतं.
- क्रिम्पिंग टूल, पंचिंग टूल, चांगले कनेक्टर, चार-सहा आयओ जॅक.
- डिजिटल मल्टिमीटर.
- खात्रीच्या दोन पॅच कॉर्ड, स्वतः तपासून लाल टेप लावलेल्या. त्या कस्टमरला विकायच्या नाहीत.
- गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप.
- लेबलच्या पट्ट्या, मार्कर, टॉर्च, शिडी आणि छापील तपासणी तक्ता.

फ्लूकसारख्या कंपन्यांची केबल प्रमाणित करणारी मशीन लाखांच्या घरात जातात. मोठ्या कंपनीच्या टेंडरमध्ये तसा रिपोर्ट मागतात. आपल्या सुरुवातीला त्याची गरज नाही. मात्र साध्या टेस्टरवर तपासून "केबल सर्टिफाय केली" असं लिहू नका. "तारांचा क्रम, सलगता आणि चालू वेग तपासला" असं लिहा. जे केलं तेच लिहायचं.

तपासणी: क्रम सोडायचा नाही

*पहिलं: प्रश्न विचारा.* त्रास एकाच मशीनला की सगळ्यांना? कधीपासून? पाऊस पडला की होतो का? टेबलं हलवली, रंगकाम केलं, एसी बसवला? एकाच मशीनला त्रास असेल, तर त्या मशीनची केबल, पोर्ट नाहीतर मशीन. सगळ्यांना असेल, तर सर्व्हर, स्विच, राउटर आणि त्यांना जोडणाऱ्या छोट्या कॉर्ड आधी बघा. मी नेमकं हेच केलं नव्हतं. आणि अख्खं ऑफिस एकदम बंद पडलं असेल, तर एकाच कॉर्डची दोन्ही टोकं कुणी एकाच स्विचमध्ये खोचली आहेत का ते बघा. झाडूपोछा करताना निघालेलं टोक कुणीतरी भल्या मनानं परत खोचतं, आणि साधा स्विच असेल तर सगळं नेटवर्क त्या फेऱ्यात गुदमरतं.

*दुसरं: वेग लिहून काढा.* प्रत्येक मशीनवर नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये जोडणीचा वेग दिसतो. तक्त्यात लिहा. स्विचचे दिवेही बघा. रंगांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून स्विचवर छापलेली खूण वाचा. जो पोर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, तिथून सुरुवात. या कामाला एक रुपयाचं सामान लागत नाही. त्या आर्टिकलशिपच्या मुलानं एवढंच केलं होतं.

*तिसरं: अदलाबदल.* आधी टेबलाजवळची पॅच कॉर्ड काढून लाल टेपवाली लावा. फरक नाही? रॅकजवळची बदला. मग स्विचचा पोर्ट बदला. मग मशीनऐवजी आपला लॅपटॉप लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर चूक कुठे होती ते कधीच कळणार नाही.

*चौथं: सतत पिंग.* लॅपटॉपवरून राउटरच्या किंवा सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग लावून ठेवा. चांगल्या वायरच्या नेटवर्कवर उत्तर साधारण एक मिलिसेकंदाच्या आत येतं आणि पाचशेत एकही पिंग हुकू नये. पिंग चालू असताना केबल टोकापाशी हलकेच हलवा, आयओ बॉक्सवर बोटानं टकटक करा. हलवल्यावर हुकलं, तर चोर तिथेच आहे. "कधी चालतं, कधी नाही" या तक्रारीचं निम्मं उत्तर या टकटकीत मिळतं.

*पाचवं: टेस्टर.* आता दोन्ही टोकं उपकरणांतून काढा. दोन्ही, हे महत्त्वाचं. कॅमेरा किंवा वायफायच्या डब्याला केबलमधूनच वीज जात असेल, तर चालू केबलला लावलेला टेस्टर जळू शकतो. निळ्या जोडीवर इंटरकॉम असेल, तर रिंग वाजताना हाताला झटकाही बसतो. मग टेस्टर लावा आणि दिवे वाचा:

- एखादा दिवा लागलाच नाही: ती तार तुटली आहे किंवा कनेक्टरमध्ये दाबली गेलेली नाही.
- क्रम उलटासुलटा आला: टोक चुकीचं बनवलंय. १ आणि ३, २ आणि ६ यांची अदलाबदल दिसली, तर एक टोक ए पद्धतीचं आणि दुसरं बी पद्धतीचं आहे. नवी उपकरणं ते सांभाळून घेतात, तरी टोक बदलून एकसारखं करा.
- दोन दिवे एकत्र लागले, किंवा रिमोटवर दोन्ही विझलेले राहिले: दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. टेस्टरच्या मॉडेलप्रमाणे खूण बदलते. घरी मुद्दाम दोन तारा जोडून आपल्या टेस्टरची खूण ओळखून ठेवा.
- ४, ५, ७, ८ एकदम गायब: समजा, कुणीतरी त्या जोड्या दुसऱ्या कामाला वापरल्या आहेत. आयओ बॉक्स उघडा.

*सहावं: आवरण वाचा.* केबलच्या आवरणावर कॅट-५ की कॅट-५ई की कॅट-६ ते छापलेलं असतं. ठरावीक अंतरावर लांबीचे आकडेही असतात, मीटरमध्ये किंवा फुटांत. दोन टोकांजवळचे आकडे वाचा आणि वजाबाकी करा, भिंतीतली लांबी हातात आली. कोणतंही मशीन नको. कॅट-५ई दिसली की खूश व्हा, तिच्यावर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालायलाच हवं. मग तिला "जुनी" म्हणून काढायचं कारण काय?

सगळे दिवे लागतात, तरीही स्लो

इथे नवी मुलं अडकतात. टेस्टर "ओके" म्हणतो आणि कस्टमर "स्लो" म्हणतो. दोघंही बरोबर असतात.

साधा टेस्टर फक्त एवढंच बघतो की पहिल्या पिनेतून निघालेली वीज समोर पहिल्या पिनेत पोचली. ती कोणत्या पिळातून आली, ते त्याला दिसत नाही. समजा, एखाद्या कारागिरानं क्रम न शिकता रंग ओळीनं लावले: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, आणि दोन्ही टोकांना तसेच. टेस्टर एक ते आठ सगळे दिवे लावेल. पण पिन ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी. इथे ३ नंबरची तार हिरव्या पिळातली आणि ६ नंबरची निळ्या पिळातली झाली. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट मारण्यासाठी. पीळ फुटला की गोंगाट आत येतो. आखूड केबलवर चालून जातं, लांब केबलवर वेग पडतो आणि पिंग हुकतात. याला जोडी फुटणं म्हणतात. उपाय फुकटात जमा: दोन्ही टोकांचे रंग डोळ्यांनी वाचा आणि टोकं पुन्हा बनवा.

दुसरा चोर म्हणजे खोटं तांबं. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. बॉक्सवर बारीक अक्षरात सीसीए असं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. कॅट-५ई किंवा कॅट-६ च्या मानकात अशी तार बसत नाही. तारेचं टोक ब्लेडनं खरवडा, आतून पांढरट-चंदेरी निघालं तर समजा. मल्टिमीटरनंही कळतं. केबल दोन्हीकडून मोकळी करा, लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि या टोकाला ओहम मोजा. खऱ्या तांब्याच्या कॅट-५ई केबलला १०० मीटरमागे साधारण १९ ओहमच्या आत आकडा येतो, ५० मीटरला त्याच्या निम्मा. दीडपट किंवा जास्त आला, तर तार खोटी आहे किंवा मध्ये खराब जोड आहे. अशी केबल टोकाला पटकन तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना त्रास देते, कारण वीज वाटेतच उष्णता होऊन वाया जाते. ती केबल बदलाच, आणि का बदलायची ते खरवडलेली तार दाखवून सांगा.

तिसरी गोष्ट शेजाराची. केबल लाइटच्या पाइपातूनच नेली असेल, तर कोटेशनमध्ये वेगळा मार्ग लिहा. तो वेगाचाच नाही, सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. आणि मित्रांनो, २३० व्होल्टच्या वायरिंगला आपण हात लावायचा नाही. ते परवानाधारक वायरमनचं काम. त्याला सोबत घ्या, त्याचे पैसे बिलात दाखवा.

दुरुस्त की बदल?

माझा ठोकताळा असा आहे:

- टोकाचा दोष: टोक नवं करा. जमेल तिथे भिंतीतली केबल आयओ जॅकवर संपवा आणि पुढं पॅच कॉर्ड द्या, म्हणजे जाड तार हलणार नाही.
- जोडी दुसऱ्या कामाला दिलेली: इंटरकॉमला वेगळी वायर टाका, लॅनला तिच्या चारही जोड्या परत द्या.
- मध्ये कुरतडलेली, पाणी शिरलेली, टेप लावून जोडलेली: तेवढी एकच केबल बदला.
- लांबी जास्त: मध्ये स्विच बसवून दोन तुकडे करा, किंवा मार्ग बदला.
- केबल बरी आहे, वेगही बरोबर आहे: हात लावू नका. "ही चांगली आहे" असं लिहून द्या. हे वाक्य लिहायला जड जातं, कारण त्यात मार्जिन नाही. पण बाकीच्या ओळींवर कस्टमरचा विश्वास बसतो तो या वाक्यामुळे.

यात धंदा कुठे आहे?

आता तुमच्या मनातला प्रश्न. चौदा पॉइंट बदलून एकतीस हजार मिळतात, टोकं दुरुस्त करून काय मिळणार?

एका पतसंस्थेचं उदाहरण देतो. बावीस पॉइंट होते. दुसरीकडून सगळं बदलायचं कोटेशन आलं होतं, ४८ हजारांचं. मी सांगितलं, आधी तपासतो, तपासणीचे पॉइंटमागे १५० रुपये, काम मला द्या किंवा देऊ नका. निकाल असा निघाला: १५ पॉइंट ठणठणीत, ४ टोकं खराब, २ पॉइंटांच्या जोड्यांवर इंटरकॉम, १ केबल उंदरानं कुरतडलेली. बिल असं झालं:

- तपासणी आणि लेबल, २२ पॉइंट: ३,३०० रुपये
- ४ टोकं, प्रत्येकी २५०: १,००० रुपये
- इंटरकॉम वेगळा करणं, २ ठिकाणी, प्रत्येकी ९००: १,८०० रुपये
- एक नवी केबल: २,२०० रुपये
- एकूण: ८,३०० रुपये

सामान आणि हेल्परचे २,९०० गेले, दीड दिवसात ५,४०० राहिले. हे माझ्या गावातले दर आहेत, तुमच्याकडचे तुम्ही काढा. पण गंमत पुढं आहे. संस्थेच्या मॅनेजर मॅडमनी तो अहवाल संचालकांच्या बैठकीत ठेवला आणि बाकीच्या शाखांची तपासणीही मला मिळाली. ४८ हजारांचं काम एकदाच झालं असतं. तपासणी दर वर्षी होते.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करा. एक, तपासणी फुकट करायची नाही. फुकट तपासणाऱ्याला पैसे विकण्यातूनच काढावे लागतात, मग त्याला सगळीकडे बिघाडच दिसायला लागतो. तेव्हा मला दिसला होता, तसाच. दोन, अहवाल कागदावर द्यायचा. प्रत्येक पॉइंटला एक ओळ: नंबर, जागा, केबलचा प्रकार, लांबी, दिव्यांचा निकाल, आधीचा वेग, नंतरचा वेग, शेरा. दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटवा. पुढच्या वर्षी कुणी दुसरा आला तरी त्याला अहवाल उपयोगी पडेल. पडू दे. वर नाव आणि फोन तुमच्या दुकानाचाच असेल.

काम सुरू करण्याआधी मालकाला विचारून वेळ ठरवा, सगळ्यांना फायली सेव्ह करायला सांगा आणि सर्व्हरची केबल कधीही न विचारता काढू नका. कुणाचं दिवसभराचं काम उडालं, तर तुमचं टेस्टिंग कितीही चांगलं असो, पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

शेवटचं

गेल्या वर्षी त्या सीए साहेबांनी मोठी जागा घेतली. आधीच्या भाडेकरूनं टाकलेली जुनी केबल तिथे होती. फोन आला तेव्हा नाव बघून मी क्षणभर उचलू की नको असा थांबलो. पलीकडून आवाज आला, "नवीन जागेत ये. पण आधी तपास. तपासायचे किती घेशील ते सांग."

मी दर सांगितला. त्यांनी एक रुपया कमी केला नाही.

आता तुमचा गृहपाठ. उद्या तुमच्या घरातली, दुकानातली किंवा मित्राच्या ऑफिसातली एक केबल घ्या. वेग लिहा, कॉर्ड बदला, पिंग लावा, दिवे वाचा, आवरणावरचे आकडे वजा करा. एक ओळ भरून ठेवा. अशा दहा ओळी भरल्या की तुम्ही पहिल्या कस्टमरकडे जायला तयार आहात. कोरं कोटेशन बुक घेऊन जाऊ नका, कोरा तक्ता घेऊन जा.

पुढच्या व्हिडिओत आयओ जॅक पंच करताना होणाऱ्या चुका दाखवतो. भेटू या.